चलाचला आणि शंभर वर्षांचं घर

त्याचं खरं नाव गाडीच्या कागदपत्रांत तेवढं उरलं होतं. बाकी सगळे त्याला चलाचला म्हणायचे. शनिवारी सकाळी स्टेशनवरून पर्यटक उचलायचे, रविवारी संध्याकाळी तिथंच सोडायचे, आणि मधल्या दोन दिवसांत दरी, धबधबा, तळं आणि 'शंभर वर्षं जुन्या घरात चुलीवरचं पारंपरिक जेवण' एवढं सगळं उरकायचं. माणसं धबधब्यासमोर उभी राहतात न राहतात तोच याचं सुरू, "चला चला, उशीर होतोय!" कशाला उशीर होतोय, हे त्यालाही सांगता आलं नसतं. पायाला भिंगरीच लागलेली.

त्या रविवारी मात्र जिवाची घालमेल व्हायला कारण होतं. सहल कंपनीचे साहेब स्वतः गाडीत बसले होते. जेवणासाठी चलाचलाचंच घर ठेवायचं की बाजारातलं नवं हॉटेल धरायचं, हे ते आज जेवून ठरवणार होते. घर गेलं की बायकोचं काम गेलं, आणि मग गाडी तरी किती दिवस याच्याकडे राहणार?

आणि घर तर नऊ वर्षांपूर्वी बांधलेलं! भिंतींना मातीचा रंग, तुळया धूर देऊन काळ्या केलेल्या. एकदा हा फोनवर 'जुनं आहे' म्हणून गेला, त्याचं छापताना 'शंभर वर्षं जुनं' झालं, आणि ते खोडायला सांगायची याची छाती झाली नाही. शोभा म्हणून तो म्हाताऱ्या वडिलांना जुना कोट घालून चुलीशेजारी बसवायचा. फोटोत म्हातारा झकास दिसायचा. अडचण एकच, त्यांना खोटं बोलणं जन्मात जमलं नव्हतं. म्हणून कोणी त्यांना काही विचारू लागलं की बायको पळी आपटायची आणि हा जेवण गार होत असल्याची हाकाटी करायचा.

साहेबांनी दोनदा भात मागून घेतला. चलाचला दारापासून चुलीपर्यंत येरझाऱ्या घालत होता. आता सुटलो, असं त्याला वाटलं, तोच साहेब हात पुसत वडिलांच्या शेजारी टेकले.

"आजोबा, हे घर कोणी बांधलं? तुमच्या वडिलांनी?"

बायकोने पळी आपटली. चलाचला सरबताचा पेला घेऊन धावला. साहेबांनी तो न बघताच बाजूला ठेवला.

"छे हो," वडील म्हणाले. "हे यानं बांधलं. नऊ वर्षं झाली."

चलाचलाच्या पायाखालची जमीन सरकली. जेवणाऱ्यांचे हात थांबले.

"मग जुनं घर कुठंय?" साहेबांनी विचारलं.

"रस्त्याखाली. तळ्याच्या वर मोठं वळण लागलं ना तुम्हाला, तिथं होतं. रस्ता काढायच्या टोळीत मी कामाला होतो, आणि नेमकं आमचंच घर मध्ये आलं. मुकादम म्हणाला, पाडायला दुसऱ्या कोणाला तरी लावतो. मी म्हटलं, नको, कुठली तुळई आधी काढायची ते मलाच ठाऊक. हा तेव्हा तीन महिन्यांचा. याची आई चूल काही मोडू देईना. म्हणाली, आधी पोराचं दूध तापवते, मग मोडा."

"बाबा, तुम्ही हे मला कधी सांगितलं नाही?" चलाचलाचा आवाज चिरकला.

"तू उभा कुठं राहतोस ऐकायला?"

साहेब मात्र खूश. "वा! घर ठेवू या, ते शंभर वर्षांचं तेवढं खोडतो. पण ते वळण यादीत पाहिजे. दहा मिनिटं गाडी थांबवायची, आजोबांनी हेच सगळं सांगायचं. फोटो काय येतील!"

'हो साहेब' अगदी जिभेवर आलं होतं. पण त्याआधी वडीलच म्हणाले, "मला न्याल? रस्ता झाल्यापासून त्या जागी मी थांबलेलो नाही. आधी धीर झाला नाही, आता पाय चालत नाहीत."

चलाचला मटकन खाली बसला. अकरा वर्षं त्याने परक्यांना हा डोंगर फिरवून दाखवला होता, आणि बापाला एकदाही गाडीत बसवलं नव्हतं. त्याला स्वतःची लाज वाटली. आणि दर आठवड्याला त्याच वळणावरून तो जोरात गाडी हाणत आला होता.

"साहेब, ते वळण यादीत नको," तो म्हणाला. "त्यापायी हॉटेल बघणार असाल तर बघा."

साहेबांच्या कपाळाला आठी पडली. बायको हातातलं भांडं तसंच धरून उभी राहिली. चलाचलाने वडिलांना उठवलं, दंडाला धरून पुढच्या सीटवर बसवलं. ती साहेबांची जागा होती. साहेब मागे जाऊन बसले.

वळणावर त्याने गाडी कडेला घेतली. वडील उतरले, काठी टेकत रस्त्याच्या मधोमध गेले आणि खाली डांबराकडे बघत उभे राहिले. मग हळूच वाकून त्यांनी एका जागी तळहात टेकला. मागून एक ट्रक आला आणि हॉर्नवर हॉर्न वाजवू लागला. चलाचला दोन्ही हात पसरून ट्रकसमोर जाऊन उभा राहिला, आणि वडील आपणहून उठेपर्यंत तसूभरही हलला नाही.