करंजाड्याची गाढवी

निवृत्त होऊन काही वर्षं झाली, तरी ती गाढवी मनातून जात नाही.

तेव्हा करंजाड्याचा भाग आमच्या पोलीस ठाण्याच्या हद्दीत होता. सकाळची हजेरी चालू असताना साठीचा एक माणूस आला. चढावरच्या बांधकामांवर तो गाढवांवरून रेती वाहायचा. म्हणाला, "साहेब, माझी गाढवी चोरीला गेली." हवालदार हसला. म्हाताऱ्याचे डोळे भरले. "लेकीवानी हाय ती." मी चोरीचा गुन्हा नोंदवायला सांगितलं.

तिसऱ्या दिवशी एका सोसायटीच्या वॉचमनचा फोन आला. पार्किंगमधून गाढवाचं ओरडणं ऐकू येतंय म्हणे.

गेलो. खांबाला गाढवी बांधलेली. पाठीवरची मोठी जखम धुऊन मलम लावलेलं. शेजारी त्याच सोसायटीतल्या एक निवृत्त नर्सबाई.

"तुम्ही आणलीत?"

"हो. जखमेवर ओझं लादत होते. दोन अर्ज केले, कुणी फिरकलं नाही. मग सोडवून आणली."

"ही चोरी आहे, मॅडम."

"असेल. पण प्राण्यांवर दया करणं हे नागरिकाचं कर्तव्य आहे, हे घटनेत लिहिलंय. तेही नोंदवा, साहेब."

ओळख पटवायला मालकाला बोलावलं. भांडण होणार, असं धरूनच चाललो होतो. पण तो येताच गाढवी पुढे झाली आणि तिने त्याच्या खांद्यावर मान टेकली. बाई जरा नरमल्या.

"जखम दिसत नव्हती का हो?"

"दिसत होती, ताई. पन ठेकेदार म्हनतो, खेप चुकली तर उद्यापासून येऊ नको. मी कुनाला सांगू?"

बाईंनी गाढवीच्या मानेवरून हात फिरवला. मग म्हणाल्या, "मला सांगायचं. आता मिळून सांगू."

बाईंचा हेतू अप्रामाणिक नव्हता, म्हणून ही चोरी ठरत नाही, असा अहवाल मी न्यायालयात पाठवला. ठेकेदारावर क्रूरतेचा गुन्हा दाखल केला. पण तेवढ्यावर ते दोघे थांबले नाहीत. सोसायटीतल्या बायका आणि गाढववाले एकत्र आले, दारोदार सह्या घेतल्या, मोर्चा काढला आणि शेवटी उच्च न्यायालयात गेले. आपलं जनावर का राबवावं लागतं, हे म्हाताऱ्याने स्वतः प्रतिज्ञापत्रावर सांगितलं. न्यायालयाने घटनेतल्या त्याच कर्तव्याचा आधार घेतला आणि ओझ्याची मर्यादा व दुपारची विश्रांती सक्तीची केली.

घटनेतला शब्द आपोआप कुणाच्या मदतीला धावत नाही. माणसं तो मागायला उभी राहिली, तरच मुक्या जिवापर्यंत पोहोचतो. पोलिसाला आरोपी शोधायला शिकवतात. फिर्यादी आणि आरोपी एकाच दुःखाने हळहळत असतील, तर त्यांना समोरासमोर आणणं हेही आपलंच काम, हे मात्र मला त्या पार्किंगमध्ये उमगलं.