चाकावरचा लाल ठिपका

भिंगकाकांना संशय यायला कारण लागत नसे. डब्यातली बिस्किटं ते मोजून ठेवत. स्टुडिओला कुलूप लावलं की तीनदा ओढून बघत, जिना उतरून रस्त्यावर येत आणि पुन्हा वर जाऊन चौथ्यांदा ओढत. टपालातून पाकीट आलं की आधी उजेडात धरायचं, मधल्यामध्ये कोणी उघडून परत चिकटवलं तर नाही ना! काकू म्हणायच्या, "लग्नाच्या फोटोतसुद्धा हे माझ्याकडे संशयानेच बघतायत." तो फोटो अजून भिंतीवर आहे, आणि काकूंचं काही चुकलेलं नाही.

खिशात कायम एक भिंग, म्हणून भिंगकाका. छापलेला फोटो भिंगाखाली धरून तपासल्याशिवाय त्यांनी कधी हातावेगळा केला नाही. हा स्वभाव काही आकाशातून पडला नव्हता. तरुणपणी ते एका स्टुडिओच्या अंधाऱ्या खोलीत फिल्म धुवायचे, अधूनमधून फोटोही काढायचे. मालकाने त्यांच्या फोटोंवर सहा वर्षं स्वतःचा शिक्का मारला आणि वर त्यांनाच ऐकवलं, "तुझा हात अजून बसलेला नाही." त्या दिवशी काकांनी ठरवून टाकलं की आपली वस्तू दुसऱ्याच्या हातात द्यायची नाही. आणि दिली नाही.

आता त्यांचा स्वतःचा स्टुडिओ होता. दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या. एकीत पांढरा कागद अंथरलेलं टेबल आणि दिवे, दुसरीत कॉम्प्युटर आणि प्रिंटर. काम मुख्यतः एकच, मनगटी घड्याळांच्या एका कारखान्याचा कॅटलॉग. त्या कारखान्याच्या मालकीणबाईंना काका घड्याळवाल्या बाई म्हणत. हा कॅटलॉग गेला, तर कॅमेऱ्यामागे उभं राहायला काकांकडे दुसरं निमित्त उरलं नसतं, आणि हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

मदतीला सख्ख्या भावाची मुलगी होती, वय सव्वीस. काका तिला 'पुतणीबाई' म्हणत, खूश असले की नुसतं 'बाई'. तिचाही स्वतःचा कॅमेरा होता, नवशिक्यांसाठी असतो तसा. दोघांचेही कॅमेरे हल्लीचे, बिनआरशाचे. डोळ्याला लावायच्या खिडकीत आत एक चिमुकला पडदा असतो आणि त्यावर चित्र दिसतं. पण काकांच्या मते या दोन कॅमेऱ्यांची तुलना करणं हाच मुळी अपमान होता.

"हा हातात धर," ते आपला कॅमेरा पुढे करत म्हणायचे, आणि तिने हात पुढे केला की लगेच मागे घ्यायचे. "असू दे, लांबूनच बघ. अंग धातूचं. धूळ जाणार नाही, पाणी जाणार नाही. कार्डं दोन. एकाने दगा दिला तर दुसऱ्यावर फोटो शाबूत. तुझ्यात कार्ड किती?"

"एक."

"एका कार्डावर विश्वास ठेवतेस? कमाल आहे बाई तुझी!"

"काका, घड्याळ टेबलावर गप्प बसलेलं असतं. ते पळत नाही, आणि छताखाली त्याच्यावर पाणीही पडत नाही. त्याला एवढा पहिलवान कशाला हवा?"

"प्लॅस्टिकवाल्यांनी बोलू नये," असं म्हणून काका विषय संपवायचे.

कॅमेऱ्यातला स्वयंचलित फोकस त्यांनी कधी वापरला नाही. मशीन म्हणणार इथे स्पष्ट आहे, आणि आपण मान डोलवायची? छे! ते खिडकीला डोळा लावून हातानेच फोकस करत. त्या खिडकीच्या शेजारी एक बारीकसं चाक असतं. बघणाऱ्याच्या नजरेप्रमाणे ते फिरवलं की त्याला आतला पडदा स्वच्छ दिसतो. काकांनी कॅमेरा घेतला त्याच दिवशी चाक बसवलं आणि काकूंच्या नेलपॉलिशने एक लाल ठिपका चाकावर, एक शेजारी अंगावर असे दोन ठिपके समोरासमोर लावून टाकले. व्यावसायिक कॅमेरा एकदा बसवला की बसवला. त्याला परत हात लावायचा नाही.

पुतणीच्या कॅमेऱ्याचं मात्र तसं नव्हतं. दर दोन-तीन महिन्यांनी ती यायची. "काका, मला काही नीट दिसत नाही. तुम्ही जरा बसवून द्या ना."

"दिसेल कसं? स्वस्तातला माल!" काका खुशीत येऊन खिडकीला डोळा लावायचे, चाक एक-दोन खाचा फिरवायचे आणि कॅमेरा परत द्यायचे. "हं, आता काचेसारखं आहे बघ." ती आभार मानायची. काका दिवसभर गुणगुणत काम करायचे.

आणि मग एका सकाळी काकांनी आपला कॅमेरा उचलला, ठिपके लावल्यापासून पहिल्यांदाच चाकाकडे निरखून बघितलं, तर दोन लाल ठिपके समोरासमोर नव्हते.

म्हणजे कोणीतरी आपला कॅमेरा वापरतंय! आणि स्टुडिओत येऊन जाऊन माणसं किती, दोन. त्यांनी चाक फिरवून ठिपका जागेवर आणला आणि पुतणीला विचारलं, "माझ्या कॅमेऱ्याला हात लावलास?"

"पुसला होता," ती म्हणाली. जरा घाईनेच म्हणाली.

झालं. त्या दिवसापासून कॅमेरा कपाटात आणि कपाटाची किल्ली काकांच्या गळ्यात. पुतणी कॉम्प्युटरवर बसली की काका मागे उभे. ती फोनवर हळू बोलली की ते पंखा बंद करायचे. काकूंना त्यांनी सांगून टाकलं, "पोरीला माझी जागा हवी आहे. माझी सगळी कामं शिकून घेतली, आता मला उठवायची तयारी चालली आहे." काकू म्हणाल्या, "डोकं ठिकाणावर आहे का तुमचं?" काकांना वाटलं, ही पण फितलेली दिसते.

महिनाभरात घड्याळवाल्या बाईंचा निरोप आला. या वेळचे फोटो मऊ आलेत, तबकडीवरची अक्षरं उठत नाहीत, असं चालणार असेल तर आम्ही दुसरीकडे बघतो.

काकांनी प्रिंट भिंगाखाली धरले. भिंगातून त्यांना सगळं लख्ख दिसायचं, म्हणून तर डोळ्यांबद्दल त्यांना कधी शंका आली नव्हती. अक्षरं खरंच पिठाळ आली होती. पुतणी हळूच म्हणाली, "काका, मला वाटतं, हे जरा—" काकांनी तिच्याकडे असं बघितलं की वाक्य तिथेच राहिलं. एवढ्या ताकदीचा कॅमेरा उगाच बिघडत नाही. कोणीतरी बिघडवला आहे. आणि ते सगळ्यांसमोर सिद्ध करायचं, असं त्यांनी ठरवलं.

त्यांनी बाईंनाच बोलावून घेतलं. एकच घड्याळ, तेच दिवे, तोच स्टँड. दोन्ही कॅमेऱ्यांनी फोटो काढणार स्वतः काका, म्हणजे कोणाला लबाडी करायला फट नको. पुतणीने तिचा कॅमेरा पुढे केला. काकांनी खिडकीला डोळा लावला आणि नाक मुरडलं. "याचं चाक हललेलंच असतं कायम." त्यांनी ते सवयीने फिरवलं आणि फोटो काढला. मग स्वतःचा कॅमेरा चढवला. दोन ठिपके समोरासमोर आहेत याची खात्री केली, आत धुरकट दिसतंय ते बिघाडामुळेच असं धरून चालले आणि त्यानेही फोटो काढला.

प्रिंट टेबलावर आले. आपला कोणता ते कळावं म्हणून काकांनी एका प्रिंटचा कोपरा नखाने गुपचूप दुमडून ठेवला होता. बाईंनी दोन्ही बघितले आणि क्षणभरही न थांबता न दुमडलेला उचलला. "हा. यात काही प्रश्नच नाही."

काकांचे कान गरम झाले. नवशिक्यांच्या खेळण्याने धातूच्या कॅमेऱ्याला हरवलं! ते पुतणीकडे वळले. "माझ्या कॅमेऱ्याचं काय केलंस? आज बाईंसमोर सांग. इथे तुझ्याशिवाय कोण येतं?"

तिने तोंड उघडलं. एकदा बाईंकडे बघितलं, एकदा काकांकडे. मग मान खाली घातली. "पुसताना माझ्या हातून लेन्सला धक्का लागला असेल. सांगायची भीती वाटली."

"मग भिंगकाका, तुमच्या हाताचा दोष नाही तर," बाई म्हणाल्या. "या छोट्या कॅमेऱ्याने काढा. काम तुमचंच. पण ही मुलगी माझ्या घड्याळांजवळ नको."

"ती आजपासून येणार नाही," काका म्हणाले.

बाई गेल्या. पुतणीने डबा आणि स्वेटर पिशवीत भरले. आपला छोटा कॅमेरा तिने काकांसाठी टेबलावरच ठेवला, स्टँडवरच्या मोठ्या कॅमेऱ्याजवळ जरा थांबली आणि जिना उतरली.

जिंकल्यावर माणसाला बरं वाटायला हवं. पण काकाच ते, त्यांना तिच्या कबुलीचाही संशय आला. लेन्सला धक्का लागला? कधी? पहिल्यांदा ठिपका हललेला दिसला तोपर्यंतचे फोटो तर बाईंनी नावाजले होते. आणि नंतर महिनाभर किल्ली आपल्या गळ्यात. ही पोरगी खोटं बोलली. पण स्वतःवर आळ घेण्यासाठी कोण खोटं बोलतं?

ते कॅमेऱ्याजवळ गेले. ठिपके पुन्हा हललेले, जाता जाता ती चाक दोन खाचा फिरवून गेली होती. "बघा, जाताना पण!" काका एकटेच ओरडले आणि चाक मागे फिरवायच्या आधी, नेमकं काय करून गेली ते बघावं म्हणून त्यांनी खिडकीला डोळा लावला.

घड्याळ अजून दिव्याखाली होतं. सहाच्या आकड्याखालची, मुंगीएवढी अक्षरं एकेक करून वाचता येत होती.

काकांनी चाक ठिपक्यावर आणलं. धुकं. दोन खाचा पुढे नेलं. अक्षरं. पुन्हा ठिपका, पुन्हा धुकं. कुलूप ओढावं तसं त्यांनी तीनदा करून बघितलं.

मग त्यांची नजर छोट्या कॅमेऱ्यावर गेली. तासाभरापूर्वी त्याचं चाक आपणच आपल्या डोळ्याला बसवलं होतं. दर दोन-तीन महिन्यांनी तेच करत होतो. तिचा डोळा सव्वीस वर्षांचा, तिचं चाक हलायचं कशाला? ती दर वेळी स्वतःच्या कॅमेऱ्याचं चाक मूळ जागी नेऊन द्यायची, आपण किती खाचा फिरवतो ते मोजायची, आणि गुपचूप या कॅमेऱ्याचं चाक ठिपक्यापासून तेवढ्याच खाचांवर नेऊन ठेवायची. आपण मात्र ठिपके जुळवून तिची सगळी मेहनत पुसून टाकली, आणि वर तिलाच चोर ठरवलं.

काकांना लाज वाटली. इतकी की ते स्टुलावर बसले. शिक्का मारणाऱ्या त्या मालकाची त्यांना आठवण झाली, आणि आज त्याच्या जागी कोण होतं हेही कळलं.

त्यांनी बाईंना फोन लावला. "मुलगी खोटं बोलली. लेन्सला काही झालेलं नाही. माझी नजर गेली आहे, आणि इतके दिवस ती पोरगी झाकून घेत होती."

मग बाई म्हणाल्या, "मग कॅटलॉग काढणार कोण?"

"तीच. ती नाही म्हणाली तर कोणी नाही," काका म्हणाले आणि खाली धावले.

ती बस थांब्यावर पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. काका धापा टाकत समोर उभे राहिले. "किती दिवस चाललं होतं हे?"

"दोन वर्षं."

"मला सांगायचं नाही?"

"सांगितलं असतं तर विश्वास ठेवला असतात?" ती म्हणाली आणि तिला रडू फुटलं.

काका तिच्याशेजारी बसले. "चुकलो गं बाई. बाईंना सगळं खरं सांगून आलोय. यापुढे घड्याळं मी मांडीन, फोटो तू काढ. माझ्या कॅमेऱ्याने."

बस आली, थांबली आणि गेली. तिने डोळे पुसले. मग काकांच्या रिकाम्या हातांकडे बघून ती दचकली. "काका, स्टुडिओला कुलूप लावलंत ना?"

"नाही," काका म्हणाले. "तू परत येणार होतीस ना."