मशीनला पाजलेलं लाल औषध

नव्वदच्या दशकात आमच्या होडीला मागे लावायचं एक जुनं मशीन होतं. त्याच्या पेट्रोलमध्ये मापाने तेल मिसळावं लागे आणि तो मान एकट्या बाबांचा. त्यात काकांनी वडखळ नाक्यावरून एक लाल औषध आणलं. एका कॅनला एक झाकण टाकलं की मशीन आतून साफ राहतं आणि जोरात पळतं म्हणे. बाबांनी बजावलं, "एक म्हंजे एकच. जास्त नाय." पण औषध थोडं जास्तच घेतलेलं बरं, अशी आमच्या घराची पक्की समजूत.

मी नुकतीच केमिस्ट्री घेऊन बी.एस्सी. झाले होते. रोह्याच्या एका कंपनीत प्रयोगशाळेत जागा निघाली, मुलाखत अकराला. आमचं गाव खाडीपलीकडे. होडीने धरमतर, मग वडखळ, तिथून रोह्याची एसटी. ही नोकरी हुकली तर घरात लग्नाची बोलणी सुरू होणार होती, म्हणून मला ती हवीच होती.

मुलाखतीच्या सकाळी बाबा मला घेऊन निघाले. भर खाडीत मशीन खोकलं, भकाभक पांढरा धूर सोडला आणि गप्प झालं. बाबांनी प्लग काढून लुंगीला पुसला, दोरी ओढ ओढ ओढली. मशीन ढिम्म. त्यात ओहोटी लागलेली. शेवटी त्यांनी वल्ही मारत होडी धक्क्याला लावली. ते घामाने निथळत होते आणि मी मात्र, साधं प्रमाण कळत नाही का, म्हणून त्यांच्यावर तोंड टाकत होते.

बाबांसोबत रोह्याला पोचेपर्यंत साडेबारा वाजले. साहेबांनी उशिराचं कारण विचारलं. मी धूर, प्लग, ओहोटी, सगळं सांगितलं आणि वर "वडिलांनी औषध जास्त घातलं" असंही ठोकून दिलं. साहेबांना हसू आलं. दार उघडंच होतं. बाहेर बाकावर बसलेल्या बाबांना त्यांनी विचारलं, "काय हो, प्रमाण चुकलं?"

बाबा उठून उभे राहिले. "व्हय साहेब, माझ्याच हातून चुकलं. पोरीचं काय नाय त्यात."

नोकरी मिळाली. पेढे खाताना काकांनी कबूल केलं की पोरीचं काम म्हणून त्यांनी गुपचूप एक झाकण जास्त घातलं होतं. आईनेही देवाचं नाव घेऊन एक ओतलं होतं. घरभर हसणं झालं. मीही हसले, पण तोंड उघडलं नाही. कारण मी दोन झाकणं घातली होती, तीही काठोकाठ. बाबांनी तेवढं एक, मोजून.

कामाच्या पहिल्या सकाळी होडीत बसल्यावर मला राहवलं नाही. शरमेने मान खाली घालून सांगून टाकलं. दोरी गुंडाळत बाबा म्हणाले, "ठावं हाय गो. त्या दिशी होडीत बसलीस तवाच तुझ्या हाताला औषधाचा वास येत व्हता."