भिमाजीचा कान

राहुरीच्या बाजारात भिमाजी सोनाराच्या कानाचा मोठा दबदबा होता. रुपया दगडावर आपटायचा, एकदाच ऐकायचं आणि खरा की खोटा ते सांगून मोकळं व्हायचं. पुन्हा विचारलं की म्हातारा फणकारायचा. एवढा ताठा बरा नव्हे, पण सांगणार कोण!

लढाईचे दिवस होते. राणीछाप रुपया चलनातून गेला होता, तरी चांदीसाठी लोक तो जपून ठेवत. सारा नावाची ख्रिस्ती विधवा असाच एक घेऊन आली. नवऱ्यानं लग्नात दिलेला, गळ्यात घालायला डाखानं कडी जोडलेला, राणीचं नाकही झिजून गेलेलं. मागं सून कृपा उभी. मुलगा योहान पलटणीत. गळ्यातला दोरा तुटला म्हणून सारानं रुपया सुनेकडं ओवायला दिला, तो परत आला तर वाजेचना. पोरीनं खरा विकून खोटा ठेवला, असं सारानं धरलेलं.

भिमाजीनं आपटला. बद्द आवाज आला. कसोटीवर घासावं तर वरचा मुलामाही चांदीच दाखवणार, तोलावं तर कडीचं वजन आड येणार. छिन्नीनं कापला तरच पोटातलं कळेल, असं त्यानं सांगितलं.

"कापा, मामा," कृपा म्हणाली. "उखळात पडला, वरून मुसळ बसलं. बाकी मी काय बी केलं न्हाई."

सारानं रुपया मुठीत आवळला. धन्याची खूण ती कापू देईना. आता भिमाजीनं गप्प बसावं की नाही? मार बसला तर आत तडा जातो, तडकलेली चांदी बद्द वाजते, हे काय त्याला ठाऊक नव्हतं? पण वरून तडा दिसेना, आणि कानावर शंका घेतलेली त्याला खपेना.

"खोटा हाय," तो म्हणाला.

सारानं सुनेला माहेरी धाडलं. पावसाळ्यात कृपा तिथंच तापानं गेली.

नाताळाच्या तोंडावर सारा एकटीच आली. हा डोळ्यांपुढं नको, आटवून टाका, म्हणाली. भिमाजीनं रुपयावर छिन्नी ठेवून हातोडा मारला. आरपार पांढरीशुभ्र चांदी. डाखाखाली लपलेला तडा पार मध्यापर्यंत गेलेला. खोटं बोलून निभावलं असतं, पण सारा त्याच्या तोंडाकडंच बघत होती.

"खरा हुता," तो म्हणाला. "माझं चुकलं."

सारानं दोन्ही तुकडे पदरात बांधले. गाठ काही केल्या बसेना.

"ती कापा म्हनली हुती," ती म्हणाली. "आपुन दोघांनी न्हाई कापला."

पुढं कुणी रुपया दाखवला की भिमाजी आधी छिन्नी शोधायचा. चांगला रुपया कशाला नासवता, म्हणत लोक वैतागायचे आणि दुसऱ्या सोनाराकडं जायचे.