दारू नव्हे, ब्रँडी!

ती घटना आठवली की आजही मला आधी दोन गुडघे दिसतात.

सेलू तालुक्यातल्या एका ठाण्याचा मी प्रभारी होतो. जिल्ह्यात दारूबंदी. माझा खबऱ्या प्रत्येक हातभट्टीची खबर माझ्या सकाळच्या चहाआधी आणायचा. एके दिवशी सहज बोलून गेला, "साहेब, तो पानठेलेवाला ब्रँडीबी विकून राह्यला. झाले दोन महिने."

"आणि मला आज सांगतोस?"

"ते दारू थोडीच होय? औषध होय. लेकराले सर्दी झाली का बाया बोटभर चाटवतात."

छापा घातला, पंचनामा केला, अकरा बाटल्या जप्त. पानठेलेवाला ठाण्यातही ऐटीत. "असली माल हाय साहेब. द्राक्षाची!"

मी चहा मागवला. चौकशीत काठीपेक्षा चहा बरा. "मग शिकव मला. ब्रँडी कशी बनते?"

"द्राक्षाचा रस आंबवाचा, तापवाचा, वाफ थंडी कराची."

बरोबर होते. आंबवलेल्या रसाची वाइन होते. ती तांब्याच्या भांड्यात तापवून वाफ थंड केली की ब्रँडी. पहिली धार घातक म्हणून फेकून देतात.

"आणि हा सोनेरी रंग?"

"द्राक्षाचाच ना!"

गडी तिथेच फसला. भट्टीतून उतरलेली ब्रँडी पाण्यासारखी नितळ असते. रंग येतो तो ओकच्या पिंपात वर्षानुवर्षे मुरल्यावर, लाकडाचा. एवढे सांगताच त्याने कपबशी खाली ठेवली आणि सारे कबूल केले. बाटलीतला रंग जळक्या साखरेचा होता, आणि आजच्या नव्या मालात पहिल्यांदाच रंगाऱ्याचे विषारी स्पिरिट. पोटात गेले तर डोळे जातात, जीवही जातो.

"आज कोणाला दिलीस?"

"शेजारच्या गल्लीत... नवा बाप झाला, त्याले. त्याच्या आईनं बाळासाठी मागवली म्हणे."

जीप दोन मिनिटांत दारात. आजी ओसरीवर, बाळ मांडीवर, बाटली अर्धी रिकामी. मी आधी बाटली उचलून घेतली.

"आजी, बाळाला किती पाजली?"

"त्याले काऊन पाजू? डॉक्टरीन बाई नाई म्हणाली. माह्या गुडघ्याले चोळली!" आजीने लुगडे सारून दोन चकचकीत गुडघे दाखवले.

"मग बाळाचं नाव का सांगितलं?"

"म्हातारीच्या गुडघ्यासाठी कोणतं पोरगं धावते, साहेब?"

मी तिथेच पायरीवर बसलो आणि पोट धरून हसलो. डॉक्टरांनी दोघांनाही तपासले, दोघेही ठणठणीत.

लोक ज्याला दारू म्हणत नाहीत, त्याची खबर कोणी देत नाही, हे मी त्या दिवशी शिकलो. पुढे निवृत्त होईपर्यंत खबऱ्याला रोज दोन प्रश्न विचारले: दारू कोण विकतो? आणि औषध कोण विकतो?