उंची नसलेली ऑर्डर

मी प्रोग्रामर आहे. भुताखेतांच्या गोष्टी कोणी सांगायला लागलं की मी आधी लॉग, म्हणजे सर्व्हरवरच्या नोंदी, मागते. त्यामुळे हे वाचून तुम्ही हसलात तर मला राग नाही... मीही हसले असते.

रोह्याजवळ वरसेला घरून माझं काम चालतं. एकाच सर्व्हरवर माझी दोन पायथन ॲप आहेत — एक पेणच्या शोभाताईंच्या गणपती कारखान्याच्या ऑर्डरींचं, दुसरं धाटावच्या एका कंपनीच्या बसचं. शिफ्ट सुटली की बसमध्ये चढलेल्याच्या नावापुढे टिक करायची. माझा मोठा भाऊ सुरेशदादा त्याच कंपनीत आहे.

आधी दोन्ही ॲप एकाच इंटरप्रिटरमध्ये, म्हणजे कोड चालवणाऱ्या एकाच प्रोग्राममध्ये, चालायची आणि आळशीपणाने मी दोन्हीकडच्या फायलींना एकच नाव दिलं होतं. व्हायचं तेच झालं, शोभाताईंच्या ऑर्डरींत धाटावचे कामगार दिसायला लागले! मग सर्व्हर तोच ठेवून मी दोघांना वेगळे इंटरप्रिटर दिले. वेगळी चूलच मांडून दिली म्हणा. महिनाभर तपासलं, इकडचं अक्षर तिकडे गेलं नाही.

...आणि एका दुपारी साडेतीनला शोभाताईंचा फोन.

"काय गो, परत तुझा घोळ! सुरेश कोण? आडनाव तुझंच हाय. मूर्तीची उंची नाय, रंग नाय, नुसता पत्ता — जुना सायकल स्टँड, मागची बाजू. मी वहीत लिवून ठेवलाय."

वैतागून बसचं ॲप उघडलं. दादाच्या नावापुढे टिक होती, म्हणजे तो बसमध्ये. तरी त्याला फोन लावला. नुसता वाजत राहिला. मग त्याच्या शेजारी बसणाऱ्या निलेशला लावला.

"तो नाय आला गो. टिक मीच मारली, रोज मारतो. येतच असल म्हटलं... आणि बस सुटली."

दादाला शुगर आहे. तशीच स्कूटी काढून कंपनीचं गेट गाठलं आणि वहीतला तो जुना सायकल स्टँड इथे कुठे आहे का, ते विचारलं.

"सायकल स्टँडला? तिथं कोण जातंय आता?" म्हणत वॉचमनकाका माझ्यापुढे धावले. दादा स्टँडमागे पडला होता, घामाने भिजलेला, बेशुद्ध. चक्कर आली म्हणून सावलीत बसायला गेला होता, हे त्याने नंतर सांगितलं.

डॉक्टर म्हणाले, वेळेवर आणलंत. संध्याकाळी दादा वहिनीवर खेकसला, "माझा डबा कंपनीतच राहिला ना!" ते खेकसणं ऐकून इतकं बरं वाटलं की मी तिथेच रडले.

नंतर लॉग पाहिले. तशी ऑर्डर आलेलीच नव्हती. ती होती फक्त शोभाताईंच्या वहीत. बरं, मधली भिंत फुटली असं धरलं, तरी बसच्या ॲपमधून काय आलं असतं? दादा बसमध्ये आहे, एवढंच! सायकल स्टँड हा शब्द माझ्या दोन्ही ॲपमध्ये कुठेही नाही.

गणपतीच्या आधी शोभाताईंनी दादाला पेणला बोलावलं. मूर्ती तयार होती.

"पण ऑर्डर दिली कोणी?" मी विचारलं.

"वहीत हाय ना! उंची नव्हती, म्हणून मी आपली एक वीत केली."

ती ऑर्डर कोणी टाकली, मला अजूनही ठाऊक नाही. दादाने ती मूर्ती रोहा येईपर्यंत मांडीवरून खाली ठेवली नाही.