घर पाडायचं बटण

अणुयुद्धानंतरच्या उजाड जगात भटकायचं, अशा एका गेमचे दोन भाग माझ्याकडे आहेत. जुन्या भागात पडकी घरं पाडता येत नाहीत, म्हणून मी प्रत्येक घरात शिरून बघायचो. नव्यात एक बटण दाबलं की अख्खं घर गायब होतं आणि त्याचं लाकूड-लोखंड आपल्याला मिळतं. त्यातून नवं बांधायचं. नवाच भाग भारी, असं मी मित्रांशी तावातावाने भांडायचो.

एका रविवारी सासरे आमच्या पनवेलच्या फ्लॅटवर आले होते. त्यांचं गाव विमानतळाच्या जागेत गेलंय. मी खेळत होतो, ते बघत होते. मी पटापट सहा घरं उडवली. सातव्याला त्यांनी माझा हात धरला.

"आदी देव बाहेर काडलंत का?"

मी हसलो. "बाबा, गेम आहे. यात देव नसतात."

त्यांनी माझा हात सोडला. "आमी देव्हारा डोक्यावर घेऊन बाहेर आलो, मंग मशीन लागली. तुमी तर आत कोन हाय ते पन बगितलं नाय."

त्यांचं मन राखायला मी त्या घरात शिरलो. पलंगावर दोन सांगाडे होते, एकमेकांच्या कुशीत.

आधीच्या सहा घरांत मी शिरलोच नव्हतो.